समजूतदार मुलीची समजूत कोण घालणार?

प्रश्न (थोडक्यात): मी २१ वर्षांची आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका गावात राहते, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मी सातवीत असताना आईचं मणक्याचं दुखणं निघालं, तेव्हापासून घरातलं बरंचसं मीच बघते. वडील एसटीत चालक आहेत, आठवड्यातले तीन-चार मुक्काम बाहेर असतात. धाकटा भाऊ तापट म्हणून सगळ्यांना माहीत आणि मी समजूतदार म्हणून. आता पुण्याला एम.एस्सी.ला जायचं की घरी राहून जवळच्या कॉलेजात बी.एड. करायचं, हा प्रश्न आहे. मला कोणी 'नको जाऊस' म्हटलेलं नाही. आई एवढंच म्हणाली, "तू समजूतदार आहेस, तुला काय सांगायचं." तेव्हापासून मला झोप लागत नाही. राग येतो आणि मग रागाचीच लाज वाटते. मला नक्की काय हवंय तेही कळत नाही. माझ्यात माझं स्वतःचं असं काही आहे का?

उत्तर:

तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तोच तुला रात्री जागं ठेवतो आहे. हो, आहे. तुझ्या चार पानी पत्रातच ते आहे, दुसऱ्या पानावर. त्याच्याकडे मी येतेच, पण आधी 'समजूतदार' या शब्दाबद्दल बोलू.

सव्वीस वर्षं मी समुपदेशनाचं काम करते आहे. 'बिघडलेल्या' मुलाला हाताला धरून घेऊन येणारे आईवडील खूप पाहिले. समजूतदार मुलीला घेऊन कोणी येत नाही. ती एकटी येते, बहुतेक वेळा विशीत येते, आणि खुर्चीच्या कडेवर बसून विचारते, "मॅडम, मी तुमचा वेळ तर घेत नाही ना?" पंखा लावू का, तर "चालेल." बंद करू का, तर तेही "चालेल." चहा की कॉफी? "काहीही चालेल." त्या पहिल्या तासात मी फारसं काही बोलत नाही. किती वेळा 'चालेल' आलं तेवढं मनात मोजते.

अशाच एका मुलीने मला तिच्या घरातल्या पोळीबद्दल सांगितलं होतं. (तिचे तपशील मी बदलले आहेत.) तव्यावरची पहिली पोळी जरा जाड होते, एका बाजूला करपते, कारण तवा अजून सगळीकडे सारखा तापलेला नसतो. ती पोळी रोज हिच्या ताटात पडायची. त्यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. आठ-नऊ वर्षांची असताना एकदा भावाने ती पोळी ढकलून दिली, तेव्हा ही म्हणाली, "मला चालेल." आजीने सगळ्यांदेखत तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "किती गुणाची ती!" दुसऱ्या दिवसापासून पहिली पोळी तिची झाली ती झालीच. लग्न ठरल्यावर होणाऱ्या सासूबाईंनी सहज विचारलं, "तुला काय काय आवडतं गं?" आणि तिला रडू फुटलं. घरच्यांना वाटलं, माहेर सुटणार म्हणून रडते आहे.

आजीचा तो हात खरा होता, प्रेमाचाच होता. म्हणून तर तो इतका खोल जातो. लहान मूल घरात आपली जागा शोधत असतं आणि ज्या वागण्यावर तो हात फिरतो तिथे ते घर करतं. पुढे त्या वागण्याला नाव मिळतं. नाव पडलं की माणसं तेवढंच बघायला लागतात. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात असं आपण म्हणतो. माझा अनुभव असा, की पाळण्यात जे दिसलं म्हणून ठरवलं, तेच आपण पुढे वीस वर्षं बघत राहतो.

यावर एक गाजलेला प्रयोग आहे. १९६४ साली कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेत मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट रोझेन्थाल आणि त्या शाळेच्या मुख्याध्यापिका लेनोर जेकबसन यांनी शिक्षकांना काही मुलांची नावं दिली आणि सांगितलं, की ही मुलं येत्या वर्षात एकदम चमकतील. खरं तर शाळेतल्या सुमारे वीस टक्के मुलांची ती नावं चिठ्ठ्या उचलाव्यात तशी काढलेली होती. वर्ष सरल्यावर पहिली-दुसरीतल्या त्या मुलांचा बुद्ध्यांक बाकीच्यांपेक्षा जास्त वाढलेला दिसला. वरच्या वर्गांत तसा फरक दिसला नाही. पुढे या प्रयोगावर पुष्कळ वाद झाला आणि अपेक्षांचा परिणाम सुरुवातीला वाटला तेवढा प्रचंड नसतो, असं नंतरच्या अभ्यासांतून पुढे आलं. मी हे मुद्दाम सांगते आहे. शिक्का काम करतो, विशेषतः कोवळ्या वयात. पण माणूस पूर्ण बदलून टाकण्याइतकी ताकद त्याच्यात नाही. तुझ्या शंकेचं अर्धं उत्तर यातच आहे.

आता कौतुकाच्या शिक्क्याची खरी अडचण. 'ढ', 'आळशी', 'काळुंद्री' म्हणवून घेणाऱ्या मुलाला निदान आपल्याला काहीतरी टोचतं आहे एवढं तरी कळतं. त्याला भांडता येतं. साताऱ्यात २०११च्या ऑक्टोबरमध्ये एक नामकरण सोहळा झाला होता. मुलगी नको असताना झाली म्हणून 'नकुशी', 'नकोशी' असं नाव ठेवलेल्या जिल्ह्यातल्या २८५ मुली गोळा झाल्या आणि त्यांना नवी नावं मिळाली, नव्या नावाची प्रमाणपत्रं मिळाली. काहींनी नट्यांची नावं घेतली, काहींनी देवींची. त्या मुलींनी काय सोसलं असेल त्याची बरोबरी तुझ्या त्रासाशी करायची नाही. पण एक फरक बघ. 'नकुशी' हे नाव ऐकताच कोणालाही कळतं, की हे चूक आहे, हे काढलं पाहिजे. 'समजूतदार' काढून टाकण्यासाठी कोणी मंडप घालणार नाही. उलट तू काढायला गेलीस तर लोक विचारतील, "म्हणजे तुला काय हट्टी व्हायचंय?"

शब्दाकडेच जरा बघ. लहान मूल रडतं तेव्हा आपण त्याची समजूत घालतो, म्हणजे जवळ घेतो, कारण सांगतो, थांबतो. समजूतदार मुलीची समजूत कोणी घालत नाही. ती स्वतःची स्वतःच घालते आणि पुढे इतरांचीही. तुझी आई जे म्हणाली, "तुला काय सांगायचं," ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्याचा शब्दशः अर्थ असा, की मी तुला काहीच सांगणार नाही. पैशाचं काय, तिच्या पाठीचं काय, भावाच्या फीचं काय, तू गेलीस तर तिला कसं वाटेल, हे सगळं न बोललेलं तुझं तू ओळखायचं आणि त्याप्रमाणे निर्णयही तुझा तूच घ्यायचा. म्हणजे पुढे तो 'तुझाच निर्णय' ठरतो. तुला राग येतो तो इथे येतो. मला तो योग्य वाटतो. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

आई हे डाव टाकून बोलली असं मी मुळीच म्हणत नाही. मणक्याचं दुखणं घेऊन संसार ओढणाऱ्या बाईला, मुलीकडे मागणं मागायची लाज वाटत असेल. 'तू जाऊ नकोस, मला भीती वाटते' हे म्हणणं फार अवघड असतं. त्या वाक्याच्या जागी 'तू समजूतदार आहेस' येतं. पुष्कळ घरांत शिक्का हा असा न बोललेल्या वाक्याच्या जागी ठेवलेला दगड असतो.

तू सातवीत घर हातात घेतलंस. साल्वादोर मिनुचिन नावाचे कुटुंबोपचार करणारे मोठे मनोविकारतज्ज्ञ होते. घरात आईबापाची भूमिका करणाऱ्या मुलांबद्दल त्यांनी लिहिलं आहे. मोठं कुटुंब असेल, आई किंवा वडील एकटेच असतील, दोघंही कामावर जात असतील, तर थोरल्या मुलाकडे थोडा अधिकार येणं त्यांना स्वाभाविक वाटत होतं. त्यातून मूल जबाबदार आणि कर्तबगार होऊ शकतं. काम कुठून कुठपर्यंत ते ठरलेलं नसतं, आईवडील त्यातून अंग काढून घेतात आणि ते ओझं मुलाच्या वयाला झेपण्यापलीकडे जातं, तेव्हा नुकसान होतं. तुझ्या घरात सातवीतली ती सोय तात्पुरती होती. आई उभी राहायला लागल्यावर ती संपली, असं कोणी म्हटलंच नाही. तू लिहितेस, की आई आता दोन वर्षं बऱ्यापैकी चालती-फिरती आहे. तरी सकाळचा डबा, गॅसचं बुकिंग, आजीच्या गोळ्या आणि भावाच्या शाळेतल्या पालकसभा तुझ्याकडेच राहिल्या. तुझ्या मागे घरातल्यांचं कसं होईल याची तुला काळजी आहे. मला काळजी याची आहे, की पालकसभेला तू का जात होतीस हे घरात कोणी विचारलंच नाही.

इथे माझी एक चूक सांगते. कामाच्या पहिल्या काही वर्षांत माझ्याकडे तुझ्याच वयाची एक मुलगी आली होती. दोन भेटींत ती शांतपणे, हुंदका न देता, घरातलं फार कठीण असं काही सांगत होती. मी भारावून म्हणाले, "किती समजूतदारपणे घेतलंस गं तू हे सगळं!" तिचा चेहरा एका क्षणात मिटला. "हो," म्हणाली, हसली, आणि तिसऱ्या भेटीला आलीच नाही. जो दगड खाली ठेवायला ती आली होती, तोच मी तिच्या हातात परत दिला होता. ते अजून मला टोचतं. तेव्हापासून मी हा शब्द कौतुक म्हणून वापरत नाही.

कौतुकाचा शिक्का माणसाला खोटं बोलायला कसं लावतो, यावर क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक यांचा १९९८चा अभ्यास आहे. पाचवीतल्या मुलांना कोडी सोडवायला दिली. काहींना म्हटलं, 'तू हुशार आहेस.' काहींना म्हटलं, 'तू मेहनत घेतलीस.' नंतर मुद्दाम अवघड कोडी दिली. 'हुशार' म्हटलेली मुलं लवकर खचली, पुढच्या सोप्या कोड्यांतही मागे पडली, आणि आपले गुण एका अनोळखी मुलाला लिहून कळवायला सांगितल्यावर त्यांच्यातल्या जास्त मुलांनी ते फुगवून लिहिले. तिथे त्यांना कोणी ओळखतही नव्हतं. पण 'हुशार' हे आता त्यांचं सगळं होतं, ते गेलं तर उरणार काय? तूही तुझे गुण फुगवून सांगतेस. "मी ठीक आहे, माझं काही नाही" हे तुझं वाक्य पत्रात चार वेळा आलं आहे, आणि त्याच पत्रात तू तीन आठवडे झोपलेली नाहीस.

भावाबद्दल थोडक्यात लिहिते, कारण तो माझ्यासमोर नाही. भावंडं एकमेकांच्या विरुद्ध टोकाला जाऊन आपली जागा मिळवतात, असं फ्रान्सेस शॅक्टर यांनी १९७६ मध्ये मांडलं होतं, आणि ते पहिल्या दोन भावंडांत जास्त दिसतं. समजूतदारपणाची जागा तू आधीच घेतलेली होतीस. त्याच्या वाट्याला तापटपणा आला. त्याने चिडायचं, तू पोटात घालायचं, असं तुमच्या घराचं वाटप आहे. त्यात त्याचंही नुकसान आहे. त्याला आजवर कोणी पोळ्या लाटायला किंवा आजीच्या गोळ्या द्यायला सांगितलेलं नाही, म्हणजे त्याला ते जमेल असं कोणाला वाटलेलंच नाही. तू गेलीस तर घरात पहिल्यांदा तो प्रश्न उभा राहील.

आता दुसरं पान. चार पानांत बहुतेक वाक्यांचा कर्ता दुसरा कोणीतरी आहे: आईला वाटतं, पप्पांना परवडेल का, आजी म्हणते, भाऊ चिडेल. फक्त दुसऱ्या पानावर, सप्टेंबरमधल्या कासच्या सहलीबद्दल लिहिताना तू हे सगळे लोक विसरलीस. अर्धं पान एका श्वासात लिहिलं आहेस. सीतेच्या आसवांचं ते जांभळट निळं, बोटाच्या पेराएवढं फूल, आणि त्याच झाडाला जमिनीखाली असलेल्या बारीक पिशव्या, ज्यांत ते सूक्ष्म जीव पकडतं. सरांनी एक रोप भिंगाखाली दाखवलं आणि तुझी बस चुकता चुकता राहिली. मग तू लिहितेस, 'असो, विषय भरकटला.' विषय भरकटलेला नव्हता. त्या अर्ध्या पानात एकदाही 'चालेल' नाही. तुझं अक्षरसुद्धा तिथे वेगळं आहे, मोठं आणि तिरकं.

"मला काय हवंय ते कळत नाही" असं म्हणणाऱ्या मुलांना मी डोळे मिटून आत शोधायला सांगत नाही. इतकी वर्षं दुसऱ्यांकडे बघणाऱ्या मनाला आत काही दिसत नाही आणि मग ते घाबरतं. मी सांगते, आपलं लक्ष आपोआप कुठे जातं आणि कुठे वेळ विसरायला होतो, एवढं टिपून ठेव.

जेम्स मार्शिया यांनी १९६६ मध्ये तरुणांच्या ओळखीबद्दल एक मांडणी केली. त्यातली एक अवस्था अशी, की तरुण माणूस आपलं पक्कं ठरल्यासारखा दिसतो, पण त्याने काहीच शोधून पाहिलेलं नसतं. घरच्यांनी दिलेलं तसंच अंगावर चढवलेलं असतं. बाहेरून अशी मुलं फार स्थिर वाटतात. बी.एड. करून गावात राहणं हा उत्तम मार्ग असू शकतो आणि शिक्षकाचं काम मला फार मोठं वाटतं. पण तू तो पारखून घेतलास तरच तो तुझा. आज तू तो घेतलास तर ती पहिली पोळी होईल.

मग करायचं काय? समजूतदारपणा टाकून दे असं मी सांगणार नाही. माणसं समजून घेणं हे तुझं खरं कौशल्य आहे. आमच्याकडे विवेकनिष्ठ मानसोपचाराची पद्धत आहे, अल्बर्ट एलिस यांची. ती महाराष्ट्रात रुजवण्यासाठी कि. मो. फडके यांनी आयुष्य वेचलं. तिच्यातली एक गोष्ट मला रोज उपयोगी पडते: कृतीला नाव द्यावं, माणसाला देऊ नये. 'मी समजूतदार आहे' याच्या जागी 'काल मी आजीचं ऐकून घेतलं' असं म्हणून बघ. काल ऐकून घेणारी मुलगी आज नाही म्हणू शकते. 'समजूतदार मुलगी' तसं म्हणू शकत नाही, तिची नोकरीच जाते.

मोठ्या निर्णयापासून सुरुवात करू नकोस. आठवडाभर 'चालेल' हा शब्द बाजूला ठेव. भाजी कोणती, कुठल्या गाडीने जायचं, टीव्हीवर काय लावायचं, या असल्या गोष्टींत 'मला हे हवंय' असं म्हण. घसा कोरडा पडेल, एवढ्याशा गोष्टीला छाती धडधडेल. घरातलं कोणीतरी म्हणेल, "बदललीस हं तू," किंवा "तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती." या दुसऱ्या वाक्याने आजवर किती मुली जागच्या जागी बसल्या असतील! ते कानावर पडलं की लगेच माघार घेऊ नकोस आणि भांडूही नकोस. "हो, या वेळी वेगळं म्हणते आहे," एवढंच म्हण आणि आपलं काम करत राहा. घराला सवय व्हायला वेळ लागतो.

मग वडील घरी असतील अशा एखाद्या संध्याकाळी, सगळे बसलेले असताना, कागद-पेन घेऊन बस. भावालाही बसव. कागदावर फक्त आकडे आणि कामं लिहायची. एम.एस्सी.ची फी, वसतिगृह, मेस, येण्याजाण्याचा खर्च. बी.एड.चाही तसाच. महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्त्यांच्या संकेतस्थळावर, तू कोणत्या शिष्यवृत्तीत बसतेस ते आधी कॉलेजच्या कार्यालयात विचारून घे. पुण्याच्या विद्यापीठात 'कमवा आणि शिका' योजना आहे, तिचीही चौकशी कर. दुसऱ्या बाजूला घरातली कामं लिही, एकेक, गॅसच्या बुकिंगपर्यंत, आणि प्रत्येकापुढे आज ते कोण करतं ते लिही. तुझं नाव किती वेळा येतं ते सगळ्यांना दिसू दे. तुला तेव्हा काही बोलावं लागणार नाही.

असंही होईल, की आकडे मांडल्यावर पैसे खरोखर पुरणार नाहीत. तसं झालं तर ते दुःखाचं आहे, पण ती परिस्थिती आहे. तिच्यावर घरातल्या सगळ्यांनी मिळून रडता येतं, वर्षभर थांबून पैसे साठवता येतात, दुसरी वाट काढता येते. 'तू समजूतदार आहेस' या वाक्यावर असं काहीच करता येत नाही. म्हणून आईला एकटीला गाठून एवढंच विचार: "आई, मी समजूतदार आहे ते राहू दे. तुला काय वाटतं ते मला सांग." आणि गप्प बस. ती 'काही नाही' म्हणेल. तरी बसून राहा. कदाचित ती म्हणेल, मला भीती वाटते. कदाचित म्हणेल, जा गं बाई. तिच्या मनातलं ओळखायचं काम आजवर तूच केलंस. या एका वेळी ते तिला बोलू दे.

झोपेचं मात्र टाळू नकोस. तीन आठवडे झाले आहेत. तालुक्याच्या डॉक्टरांना दाखव. जेवण जात नसेल, जगणं नको असं कधी मनात येत असेल, तर त्याच क्षणी १४४१६ वर फोन कर. ती टेली-मानस ही सरकारी सेवा आहे, दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत. 'आपलं काय एवढं मोठं' म्हणून हा फोन न करणारी पहिली व्यक्ती समजूतदार मुलगी असते, म्हणून तुला आवर्जून सांगते.

आणि एक. एम.एस्सी.च्या अर्जाची शेवटची तारीख तू पत्रात कुठेच लिहिलेली नाहीस. बी.एड.ची लिहिली आहेस. ती आजच बघ. अर्ज भरला म्हणजे गेलीस असं होत नाही, त्यामुळे घरातलं बोलणं होण्याची वाट न बघता तो भरून टाक. कासच्या त्या सरांना फोन करून पुण्यातल्या विभागाची माहितीही विचार. त्यांना तू आठवत असशील. बस चुकवायला निघालेली मुलगी सहसा विसरली जात नाही.